जुनेराचा दुष्काळ

नवजात अर्भकाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे जुन्या मापाने एक हात आणि दोन बोटे, आणि वजन तीन किलोच्या अलीकडेपलीकडे असते. सहा फूट उंचीच्या कर्त्या पुरुषाचा सदरा त्याची पत्नी, किंवा पत्नी नसल्यास दुकानदार, पाव तासात पसंत करून मोकळा होतो. परंतु या एक हात दोन बोटे जिवाच्या अंगात काय घालावे, त्याला कशावर निजवावे आणि त्याच्यावर काय पांघरावे, याचा निर्णय दोन घराण्यांतील तीन पिढ्यांचा सलोखा पणाला लावल्यावाचून होत नाही. ज्याच्याविषयी हा सारा खल चालतो त्याचे मत घेण्याची कोठे सोय नसते. किंबहुना ते मत त्याने वेळोवेळी ओल्या स्वरूपात नोंदविले, तरी अभिप्राय म्हणून ते कोणी दप्तरी दाखल करून घेत नाही.

आमच्या कन्येची पहिली खेप वहिवाटीप्रमाणे माहेरी झाली आणि त्यामुळे नवजाताच्या वस्त्रांचा व अंथरुणाचा बंदोबस्त आमच्या घराच्या अंमलाखाली आला. या अंमलात नव्वदी ओलांडलेल्या आमच्या मातोश्री हे अखेरचे न्यायपीठ होते. सौभाग्यवतींकडे मुखत्यारी होती. सोलापूरच्या विहीणबाईंनी दूरध्वनीवरून केव्हाही हरकत घेण्याचा हक्क राखून ठेवला होता. आणि माझ्याकडे, आजोबा या पदाला शोभेल असे म्हणून, पिशवी घेऊन बाजारात जाण्याचे काम आले होते. सातव्या महिन्यातच फर्द तयार झाली. तीत झबली होती, टोपडी होती, लंगोट, दुपटी, बाळुती, एक कुंची, दोन गोधड्या, मोहरीची उशी, मच्छरदाणी अशी क्रमवार कलमे होती, आणि शेवटी मातोश्रींनी "इतर" असे एक मोघम कलम घालून ठेवले होते, ज्याच्या पोटात पुढे निम्मा बाजार मावला.

फर्द तयार होती, पण तिची अंमलबजावणी तहकूब होती. मूल घरी येण्याआधी त्याच्यासाठी काही विकत आणावयाचे नाही, पाळणा तर नाहीच नाही, असा आपल्याकडे अनेक घरांत शिरस्ता आहे. त्याचे कारण विचारले असता "तसं करू नये" एवढेच मिळते, आणि या तीन शब्दांत जितकी शास्त्रे सामावली आहेत तितकी शास्त्रे प्राचीन ऋषींनाही एका सूत्रात बसविता आली नसतील. परिणाम असा होतो की ज्या खरेदीला नऊ महिन्यांची मुदत निसर्गाने दिलेली असते, ती खरेदी घरातील पुरुषमंडळी, सूतिकागृहाच्या जिन्यावरून उतरता उतरता, पेढे घेण्याच्या आधी की नंतर हा वाद करीत, भर आषाढात छत्री सांभाळीत उरकतात.

तरीही मी बाजाराचा रस्ता धरण्यापूर्वीच मातोश्रींचे फर्मान सुटले. "बारशापर्यंत पोरीच्या अंगाला नवं कापड लागता कामा नये. जुनेर काढा. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं." या आज्ञेमागे दृष्टीचे भय होते, पाचवीला आणि सटवाईला नको ते दिसू नये ही खबरदारी होती, हे खरे, परंतु नव्या कापडाला खळ असते, शिवणीची धार असते आणि रंगाचा भरवसा नसतो, ही गोष्ट मातोश्रींच्या बोटांना कोणत्याही सटवाईपेक्षा अधिक पक्की ठाऊक होती. श्रद्धेच्या पदराआड व्यवहार झाकून ठेवण्याची आमच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची ही जुनी रीत आहे. कारण व्यवहार सांगितला तर घरातले पुरुष वाद घालतात आणि सटवाईचे नाव घेतले की गप्प बसतात.

मग जुनेराचा शोध सुरू झाला, आणि एका खात्यापित्या, कपाटांची दारे लागत नाहीत इतके कपडे बाळगणाऱ्या कुटुंबाच्या दारिद्र्याचा जो पंचनामा झाला, तो येथे नमूद करणे मला भाग आहे. सौभाग्यवतींच्या कपाटातून जॉर्जेट निघाले, शिफॉन निघाले, आणि ज्या कृत्रिम धाग्याचा शोध १९४१ साली इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा रसायनज्ञांनी लावून टेरिलिन या नावाने जगाच्या अंगावर घातला, त्याच्या वंशातील असंख्य साड्या निघाल्या. या साड्यांचा गुण असा, की त्या चुरगळत नाहीत, विटत नाहीत, विरत नाहीत आणि मालकीण थकली तरी स्वतः थकत नाहीत. आणि दोष असा, की त्या पाणी शोषत नाहीत, जे एक काम नवजाताच्या सेवेत असलेल्या वस्त्राने अहोरात्र करावयाचे असते. माझ्या विजारी चाळल्या गेल्या आणि नापास झाल्या. चिरंजीवांची निळी विजार गुडघ्यावर फाटलेली पाहून मला क्षणभर आशा वाटली, परंतु ती तशी फाटलेलीच आणि फाटलेली म्हणूनच चढ्या किमतीला घेतलेली होती, व हाताला ताडपत्रीइतकी राठ लागत होती. फाटणे हा जुनेराचा अंतिम परिणाम आहे, लक्षण नव्हे, हा भेद आजच्या शिंप्यांना कोणीतरी समजावून सांगावयास हवा.

आणि जे खरे सुती जुनेर एके काळी या घरात होते, ते कोठे गेले? ते समोरच होते. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर एकात एक बसणारे डबे, झाकणाची पातेली, कोणी कधी न वापरलेली तांबडे बूड असलेली कढई, या सर्व वस्तू सौभाग्यवतींनी बोहारणीशी तासतासभर हुज्जत घालून, तीन पातळे आणि दोन चादरींना एक डबा या दराने पैदा केल्या होत्या. त्या दिवशी प्रथमच असे ध्यानात आले की ज्याला आपण आजवर भांडी म्हणत होतो तो वस्तुतः नातीच्या बाळुत्यांचा साठा होता. फक्त तो आता चिरता येत नव्हता.

अखेर मातोश्रींनी स्वतःची ट्रंक उघडविली. तीत दोन नऊवारी लुगडी आणि वडिलांचे एक धोतर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, घडी घालून ठेवलेले होते. ज्यांना अशा दस्तऐवजाचे मूल्य कळत नसेल त्यांच्यासाठी हिशेब देतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडे कमी. पन्हा सवा वाराचा धरला, तर अर्धा अर्धा मीटरचे चौकोन एका लुगड्यातून बत्तीस निघतात, पाच वारी धोतरातून अठरा, आणि असा चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण केला की एक लंगोट सिद्ध होतो. दोन लुगडी आणि एक धोतर मिळून ब्याऐंशी लंगोटांची ही इस्टेट, इतक्या वर्षांत एकाही बोहारणीच्या नजरेस न पडू देता, मातोश्रींनी कोणाच्या भरवशावर जपली असेल, हे विचारण्याचे धाडस आमच्यापैकी कोणालाही झाले नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने काठ उसवून काढले, कारण काठ बाळाच्या मांडीला काचतात, आणि कात्री सौभाग्यवतींच्या हाती दिली.

वस्त्राच्या सेवेचा क्रम त्या काळी मोठा न्याय्य होता, असे मला वाटते. लुगडे प्रथम लग्नकार्यात मिरवावयाचे, मग सणावाराला, मग रोजच्या नेसण्यात. ते विरले की त्याचे दुपटे व्हावयाचे किंवा त्याचे थर रचून, धावदोरा घालून गोधडी शिवावयाची. गोधडीचा अस्तराचा भाग झिजला की त्यातून बाळुती निघावयाची, आणि बाळुत्यांचे आयुष्य संपले म्हणजे उरलेल्या चिंध्या चुलीपाशी पोतेरे म्हणून रुजू व्हावयाच्या. मनुष्य झिजला की त्याला सेवानिवृत्त करण्यात येते; वस्त्र झिजले की त्याला अधिक जबाबदारीच्या जागेवर बढती मिळे, आणि पूर्ण झिजले म्हणजे घरातील सर्वांत मोलाच्या जिवाचा ताबा त्याच्याकडे सोपविला जाई.

या मताला काही शास्त्राधार सापडतो का, म्हणून मी चरकसंहिता उघडली. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नवजाताच्या अंथरूण-पांघरुणाविषयी आचार्यांनी आज्ञा दिली आहे, की ते मृदू असावे, हलके असावे, शुचि असावे, सुगंधी असावे. घाम लागलेले, मळलेले, जीवजंतू असलेले आणि मलमूत्राने माखलेले अंथरूण टाकून द्यावे. इथवर वाचून कोणालाही वाटावे की हा ग्रंथकार राजवाड्यातला असून त्याच्या घरी मूल नसावे. परंतु लगेच पुढे तोच आचार्य म्हणतो, की दुसरे मिळणे शक्य नसेल तर तेच चांगले धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून पुन्हा वापरावे. या एका सवलतीने चरकाविषयीचा माझा आदर दुणावला. पहिले वाक्य लिहून झाल्यावर आणि दुसरे लिहावयास घेण्यापूर्वी आचार्यांच्या मांडीवर कोणीतरी आपला अभिप्राय नोंदविला असला पाहिजे, याविषयी मला शंका उरलेली नाही.

धुरीच्या द्रव्यांची यादीही तेथे आहे: जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादी, आणि शेवटी सापाची कात, हे सर्व तुपात कालवून. मातोश्रींनी चरकाचे नावही कधी घेतले नसेल, पण शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून, तिच्यावर ओले लंगोट पसरून, खाली निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकण्याचा त्यांचा प्रघात या यादीशी सापाची कात वगळता सहज नाते सांगत होता. आषाढातील सलग झडीत, जेव्हा घरातील प्रत्येक दोरी, प्रत्येक खुंटी, खुर्च्यांच्या पाठी आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाचा वरचा भाग त्रिकोणी निशाणांनी व्यापून गेला होता, तेव्हा दोन सहस्रकांपूर्वीच्या वैद्यालाही लंगोट वाळविण्याचीच विवंचना होती, हे कळून मनाला धीर आला.

बारशासाठी मात्र नवे कापड लागणारच होते, म्हणून मी तुळशीबागेत गेलो. नारो आप्पाजींच्या राममंदिराभोवती वाढलेल्या या बाजारात रामाच्या दर्शनाला आलेला मनुष्य टोपड्यांच्या आणि बांगड्यांच्या माळांखालून वाकून चालावयास शिकतो, आणि त्यामुळे देवापाशी पोचेपर्यंत त्याच्या अंगी विनय आपोआप बाणतो. दुकानदाराने पहिला प्रश्न टाकला, "मुलगा की मुलगी?" नात, असे म्हणताच गुलाबी रंगाचा डोंगर माझ्यापुढे कोसळला. मी त्याला सांगितले, की १९१८ साली अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी हा ठसठशीत रंग असल्याने तो मुलांना आणि निळा हा नाजूक असल्याने तो मुलींना द्यावा, असा नियम छापला होता. पुढे तो नियम नेमका उलटा झाला आणि जगाचे काही बिघडले नाही. सबब आपण दोन्ही रंग सोडून मला पांढरे मलमल दाखवावे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आजोबा, गुलाबीच न्या. पांढरं नेलंत तर घरून परत पाठवतील." बाजारातील मनुष्याला इतिहासाचे ज्ञान नसते, पण घरांचे असते.

दुसरा घोळ मापाचा. झबल्यावर "० ते ३ महिने" असा आकडा शिवलेला असतो, परंतु मूल तो वाचीत नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवेळच्या वजनाच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. म्हणजे एवढ्याशा झबल्याची जी नाजूक लेस लावण्यात कारागिराचे डोळे जातात, ती दोनदा धुतली जाईस्तोवर झबले मुदतबाह्य झालेले असते. त्यातच नवजाताचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चतुर्थांश असते, आणि मानेने अद्याप पदभार स्वीकारलेला नसतो. अशा स्थितीत गळ्यातून घालावयाचा कपडा ज्याने प्रथम शिवला त्याने मूल पाहिले असेल, पण धरले नसावे. जुन्या पद्धतीचे, पुढून उघडे आणि बाजूला बंद असलेले झबले हे या प्रश्नाचे समर्पक उत्तर होते. म्हणूनच दुकानात ते सर्वांत खालच्या खणात सापडले. वरच्या खणांत कोट, जाकीट आणि गळपट्टा यांसह तीन नगांचे साहेबी जोड होते, जे घालणाऱ्याला अजून पालथे पडता येत नव्हते.

अंथरुणाचा तंटा याहून बिकट होता, कारण त्यात तिसरा पक्ष सामील झाला. डोके गोल यावे म्हणून मातोश्रींनी मोहरीची उशी शिवून घेतली होती. विहीणबाईंनी सोलापूरहून हरकत नोंदविली, की मोहरी टोचते आणि उष्णही असते. त्यांच्याकडे राळ्याची उशी करतात, आणि त्या उशीवर निजलेल्या त्यांच्या चिरंजीवांचे, म्हणजे आमच्या जावईबापूंचे, डोके किती गोल आहे ते आपण पाहतोच आहोत. जावईबापूंच्या डोक्याविषयी सासुरवाडीने मत देणे इष्ट नसल्यामुळे प्रकरण चिघळणार, एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तपासणीला आल्या असता दोन्ही उशा उचलून बाजूला ठेवल्या. वर्षभर उशीच नको, म्हणाल्या. गादी सपाट आणि घट्ट हवी. निजवायचे ते पाठीवर. पाळण्यात सैल पांघरुणे, बाहुल्या, काही ठेवायचे नाही. आणि धुरी कपड्यांना द्या पण बाळाच्या खोलीत नको, कारण इवल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मुलांना पाठीवर किंवा कुशीवर निजविण्याचा सल्ला १९९२ साली दिला आणि पुढे कुशीचा पर्यायही रद्द केला, हेही त्यांनी सांगितले. मातोश्री म्हणाल्या, "आमच्या वेळी पोरं पालथी पडायला शिकेपर्यंत पाठीवरच निजायची. त्याला अमेरिका कशाला हवी?" आणि अशा रीतीने निर्णय मान्य करूनही त्यांनी तो मान्य केल्याची नोंद होऊ दिली नाही. राळ्याची उशी मला मानदुखीसाठी देण्यात आली. मोहरीची उशी काही दिवसांनी उसविली गेली, आणि त्यानंतर आमच्याकडच्या फोडण्यांना बरेच दिवस खंड पडला नाही.

जाता जाता डॉक्टरीणबाईंनी एक सोपा नियम घालून दिला, की मोठ्या माणसाला जितके कपडे पुरतात त्याहून एक पदर बाळाला जास्त घालावा. नियम सोपा होता, परंतु त्यात मोठे माणूस कोणते हे सांगितलेले नव्हते. मी आषाढातही पंखा लावून बंडीवर बसतो. मातोश्री त्याच पंख्याखाली शाल, कानटोपी आणि पायमोजे यांसह बसतात. माझ्यावरून मोजावे तर नातीला झबल्यावर एक दुपटे पुरे. मातोश्रींवरून मोजावे तर तिला कांबळ्यातच ठेवावयास हवे. शेवटी सुवर्णमध्य म्हणून सौभाग्यवतींना प्रमाण मानावे असे ठरले, आणि तेव्हापासून त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला की कोणीतरी लगबगीने पाळण्याकडे धावू लागले.

बारशाच्या दिवशी बाळंतविडे आले. यात पाहुण्यांचे प्रेम होते हे निर्विवाद; परंतु प्रेमाला एकच माप ठाऊक असते, आणि ते नवजाताचे. आत्याबाईंनी नऊ महिने विणलेला लोकरीचा पूर्ण संच, मावशीची जरीची कुंची, शेजारणींची अंगडी-टोपडी, असा तो ढीग इतका झाला की जिच्या नावाने तो आला होता ती त्याच्यामागे दिसेनाशी झाली. तीन महिन्यांच्या पुढचा कपडा एकाच विडा देणारीने आणला होता, आणि तिने तो मापाच्या अज्ञानामुळे आणला होता असे मागाहून समजले. कुंची घातल्यावर बाळ पाच मिनिटे राजकन्येसारखे दिसले, छायाचित्रे निघाली, आणि सहाव्या मिनिटाला तिने जरीला असा काही निषेध नोंदविला की मातोश्री म्हणाल्या, "काढा ते, आणि आणा माझ्या लुगड्याचं दुपटं." दुपट्यात गुंडाळताच ती निजली. जमलेल्या मंडळींनी हा योगायोग मानला.

आता कन्येच्या पिढीचा पक्षही मांडला पाहिजे. १९६१ साली पॅम्पर्सचा जन्म झाला आणि वापरून टाकून देण्याच्या लंगोटाने जग पादाक्रांत केले. रात्रीच्या वेळी, प्रवासात आणि झडीच्या दिवसांत त्याची महती मी नाकारीत नाही, कारण माझ्या पुस्तकांच्या कपाटावरील निशाणे त्यामुळेच निम्म्यावर आली. परंतु दिवसा, धुतलेल्या जुन्या सुताचा त्रिकोण बांधून पडलेले मूल आणि इतर सर्व व्यवस्था यांतील फरक खुद्द कन्येच्या नजरेतून सुटला नाही, आणि ती एक दिवस मला म्हणाली, "बाबा, असं कापड कुठे मिळतं हो?" तिने बाजारात शोध घेतला. बाजाराने तो आधीच घेतला होता: पुन्हा पुन्हा धुऊन मुलायम केलेल्या मलमलीचे तुकडे रिबीन बांधून, अशा काही दराने विकले जात होते, की त्या भावाने मातोश्रींच्या दोन लुगड्यांची किंमत केली असती तर आम्ही प्राप्तिकर खात्याच्या नजरेत आलो असतो. तरीही हात लावून पाहता ते तुकडे मऊ होते, पण जुने नव्हते. कारण मऊपणा यंत्राने आणता येतो, आणि जुनेर होण्यासाठी कोणीतरी ते वर्षानुवर्षे अंगावर वागवावे लागते, घामाने, उन्हाने आणि धोपटण्याने त्याचा ताठा मोडावा लागतो, आणि या श्रमांचा मोबदला घेणारे दुकान अजून निघालेले नाही.

सबब ज्या घरांत येत्या दहापंधरा वर्षांत पाळणा हलण्याचा संभव आहे, त्या सर्वांस माझी दरखास्त आहे, की त्यांनी फर्द करण्यात वेळ न दवडता आजपासूनच सुती वस्त्रे अंगावर घालून झिजविण्यास आरंभ करावा, आणि बोहारीण दारात आली असता कितीही झाकणाचे पातेले दाखविले तरी मोहास बळी पडू नये. मी स्वतः धोतरांची एक जोडी आणून ती रोज नेसू लागलो आहे. सोसायटीतील मंडळींचा समज असा झाला आहे की म्हातारपणी माझ्यात धर्मबुद्धी जागृत झाली. काहींनी तर मला सत्यनारायणाची पूजा सांगण्याविषयीही विचारले. मी त्यांना समजावून सांगतो, की मी धोतर नेसत नसून पतवंडांचे लंगोट तयार करीत आहे. परवा हे स्पष्टीकरण मी जिन्यात एका गृहस्थांना देत असता सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "तयार करताय ते ठीक आहे, पण त्या खुर्चीच्या खिळ्यापासून जरा जपून बसत चला. कालच दोन लंगोट कमी झालेत."